कीर्ती सोडणारे श्रीमद् राजचंद्र

डिप्लोमावाला म्हणून बढती हुकली तेव्हा मी महिनाभर धुमसत होतो. त्याच सुमारास रूळ तपासणीसाठी नडियादला गेलो. याच गावी १८९६ साली श्रीमद् राजचंद्रांनी १४२ कडव्यांचे 'आत्मसिद्धी' रचले, हे तिथे कळले.

जन्म १८६७ चा, मोरबीजवळच्या ववाणियाचा. एकाच वेळी शंभर गोष्टी ध्यानात ठेवण्याचे शतावधान त्यांनी तरुणपणी मुंबईत करून दाखवले. नाव झाले, पण आत्मसाधनेत अडथळा वाटताच त्यांनी ते सोडले. जवाहिरांचा व्यापार मात्र सचोटीने केला.

जैन तत्त्वांचे सार 'आत्मसिद्धी'त सहा विधानांत आहे : आत्मा आहे, तो नित्य आहे, कर्माचा कर्ता आहे, फळाचा भोक्ताही आहे, मोक्ष आहे, मोक्षाचा उपायही आहे. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयी शंका दाटल्या, तेव्हा गांधीजींनी त्यांनाच प्रश्न लिहून पाठवले. १९०१ साली राजकोटला, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी श्रीमद् गेले.

कर्ता मी, भोक्ताही मीच. मग दोष कुणाला देणार? मिळालेली कीर्ती त्यांनी सोडली, मला न मिळालेली खुर्ची सोडवत नव्हती. यंदा बाप्पाकडे तेवढे बळ मागतो.