विश्लेषण : दादासाहेब फाळके यांचा हाताने फिरवायचा कॅमेरा कसा चालत असे?

माझगावजवळच्या चोर बाजारात जुने कॅमेरे आणि मॅन्युअल लेन्स धुंडाळत फिरणारे हौशी छायाचित्रकार आजही भेटतात. जुनी लेन्स अडॅप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवायची, फोकसचे कडे बोटांनी फिरवायचे, अ‍ॅपर्चर स्वतः ठरवायचे, यात त्यांना मजा येते. चुकले तर फोटो पुसून दुसरा काढता येतो. ही सोय नसताना याच शहरात दादासाहेब फाळके यांनी हातकॅमेऱ्यावर घरदार पणाला लावले. भारतीय चित्रपटाचे जनक ही त्यांची ओळख सर्वांना आहे; पण त्याआधी ते पक्के छायाचित्रकार आणि तंत्रज्ञ होते.

छायाचित्रणाकडे ते कसे वळले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगच्या काळात पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग ब्लॉक आणि छपाईचा धंदा. मध्येच ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने (‘फाळके’ची अक्षरे उलटी करून) जादूचे प्रयोगही केले. ही जादू पुढे कामी आली.

कॅमेरा कुठून आला?

गिरगावातल्या चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांना कृष्ण आणि राम पडद्यावर दिसू लागले. रात्रंदिवस चित्रपट पाहणे आणि प्रयोग यांचा ताण डोळ्यांवर आला आणि काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परतली. त्यानंतर विमा पॉलिसी तारण ठेवून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले.

छिद्रे कशासाठी?

तेव्हा कच्ची फिल्म कोरी, कडेला छिद्रे नसलेली मिळे. कॅमेऱ्यातले दाते फिल्म ओढतात ते या छिद्रांत अडकूनच. एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून ८ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. हिशेब केला तर एका प्रतीला चार लाख सत्तर हजारांहून अधिक छिद्रे लागतात. फिल्मवर उजेड पडून चालत नाही, म्हणून हे काम अंधारात करावे लागे. सरस्वतीबाई फाळके दिवसभर घर आणि कंपनीतल्या माणसांची जेवणे सांभाळून रात्री ते करीत. पहिल्या चित्रपटाच्या श्रेयावलीत त्यांचे नाव छायाचित्रकाराच्या बरोबरीने यायला हवे होते.

हँडल फिरवण्यात कसब काय?

सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण १६ चौकटी. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागतात. घाई झाली तर ती रेंगाळतात. ही लय हातात बसवावी लागे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळके यांनी ती त्र्यंबक तेलंग यांना शिकवली. प्रकाशमापक नव्हता, उन्हाचा अंदाज नजरेनेच घ्यायचा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे उमटे.

मात्र हातकॅमेऱ्यात एक सोय होती. हँडल वाटेल तेव्हा थांबवता येई. थांबवा, माणूस उभा करा, पुन्हा फिरवा. पडद्यावर देव प्रकटतो. चित्रपटासाठी कर्ज मिळावे म्हणून फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशीच थांबत थांबत टिपली. रोज एक चौकट घेतली, असे पुष्कळदा लिहिले जाते. पण महिन्याच्या ३० चौकटी पडद्यावर दोन सेकंदांत संपतात! कॅमेरा दिवसातून अनेकदा चालवला असला पाहिजे. सावकारांना ही फिल्म पटली आणि पैसे उभे राहिले.

पुढे काय झाले?

दादरला चित्रित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’मध्ये कॅमेऱ्याच्या करामती आणखी रंगल्या, बालकृष्ण झाली होती त्यांचीच कन्या मंदाकिनी. बोलपट आल्यावर मात्र पंचाईत झाली. आवाज जुळायचा तर फिल्म एकाच वेगाने, मोटारीवर धावली पाहिजे. हाताची लय तिथे चालत नाही. मूकपट म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा फाळके यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. दादरच्या ज्या मेन रोडवर त्यांचा बिऱ्हाड-कम-स्टुडिओ होता, त्या रस्त्याला आता त्यांचे नाव आहे.