सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि समुद्राचा रंग

आपल्या वर्धा जिल्ह्यास समुद्र नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो केवळ चित्रात पाहिला असेल, आणि चित्रात तो नेहमी निळा असतो. काही वर्षांपूर्वी मी वर्गात प्रकाशाचे प्रकरण शिकवीत असता एका मुलाने मला विचारले, की पाण्याला रंग नाही असे पुस्तकात म्हटले आहे, तर समुद्र निळा कसा? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे मी तत्काळ सांगितले व पुढे शिकवू लागलो. ते उत्तर अपुरे होते, हे मला नंतरच्या वाचनाने कळले. तो मुलगा शाळा सोडून गेला. माझे उत्तर मात्र दुरुस्त करावयाचे राहून गेले. हा लेख त्या निमित्ताने लिहीत आहे. समाधान इतकेच, की लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर इंग्रज शास्त्रज्ञाचेही मत तेच होते, आणि ते खोडून काढण्यास एक भारतीय पुढे आला.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. विशाखापट्टण येथे त्यांची नोकरी असल्याने मुलाचे शालेय शिक्षण तेथील सेंट अलॉयशियस या मिशनच्या शाळेत झाले. वयाच्या अकराव्या वर्षी मॅट्रिक, पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. व १९०७ मध्ये एम. ए. या पदव्या त्यांनी मिळविल्या. प्रकाशासंबंधी त्यांचा पहिला निबंध इंग्लंडातील मासिकात १९०६ साली छापला गेला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. परंतु त्या काळी अशा बुद्धीला आपल्या देशात वाव कोठला? विलायतेस जाण्यास प्रकृती योग्य नाही असे डॉक्टरांनी ठरविले. तेव्हा सरकारी हिशेबखात्याची परीक्षा देऊन ते तीत पहिले आले आणि कलकत्त्यास अधिकारी म्हणून रुजू झाले.

पुढील दहा वर्षे दिवसा हिशेब व सकाळ-संध्याकाळ प्रयोग, असा त्यांचा क्रम चालला. कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावर विज्ञान-प्रसारासाठी काढलेली एक संस्था जवळजवळ ओस पडली होती. तिची प्रयोगशाळा त्यांनी जागती केली. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला व नंतर १९१० साली आपल्या शेजारच्या नागपुरास झाली. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती व आपला जिल्हाही त्याच प्रांतात मोडत असे. चांगली प्रयोगशाळा जवळ नसताही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले. १९१७ साली विद्यापीठाने प्राध्यापकाची जागा देऊ केली, तेव्हा पगार कितीतरी कमी होत असूनही त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. आजच्या पालकांस हा निर्णय कितपत रुचला असता, याविषयी मला शंका आहे.

आता रंगाकडे वळू. सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून झालेला आहे, हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखविले. कडुलिंबाचे पान विशेषतः तांबडे व निळे किरण गिळते आणि हिरवे परत पाठविते, म्हणून ते हिरवे. आपल्या शेतातील कापूस जवळजवळ सगळेच किरण परत पाठवितो, म्हणून तो पांढरा. पण आकाशाची गोष्ट निराळी. तेथे निळा रंग लावलेली अशी वस्तूच नाही. हवेचे सूक्ष्म रेणू प्रकाश चहूकडे विखुरतात. यास प्रकाशाचे विकिरण म्हणतात. निळ्या प्रकाशाचे तरंग आखूड असल्याने ते तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरले जातात. सायंकाळी चुलीचा विरळ धूर काळ्या झाडीपुढे निळसर दिसतो, तोही अशाच कारणाने. हे आकाशाचे कोडे रॅले यांनी सोडविले होते. समुद्राची निळाई मात्र त्यांनी आकाशाकडून उसनी घेतलेली ठरविली.

१९२१ साली रामन विद्यापीठांच्या परिषदेसाठी इंग्लंडास गेले. 'नारकुंडा' आगबोटीने परत येताना भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांस हे मत पटेना. त्यांच्याजवळ निकोलचा लोलक म्हणून एक लहानसे उपकरण होते. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश एकाच पातळीत कंप पावतो आणि हा लोलक योग्य तऱ्हेने फिरविला असता असा प्रकाश पूर्ण अडविला जातो. आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने पुसून टाकल्यावर समुद्र फिका पडावयास हवा होता. तो उलट अधिकच गर्द निळा दिसला! अर्थात हा रंग पाण्याच्या आतूनच येत होता. बोट मुंबई बंदरात उभी असतानाच, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेस, त्यांनी 'नेचर' साप्ताहिकासाठी याविषयी पत्र लिहिले. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असे त्यांचे म्हणणे होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी तांबडे किरण थोडे थोडे गिळते. पेल्यात हे जाणवत नाही, पण खोल समुद्रात पुष्कळ जाणवते. निळाईत या शोषणाचा वाटा रामन यांनी मानला त्याहून फार मोठा आहे, असे आता ठरले आहे. तरी प्रतिबिंबाचे मत त्यांनी मोडले, ते कायमचेच.

कलकत्त्यास आल्यावर द्रव पदार्थांतील विकिरण हाच त्यांचा ध्यास झाला. पुढील सात वर्षे ते व त्यांचे शिष्य अनेक द्रव शुद्ध करकरून तपाशीत होते. विखुरलेल्या प्रकाशात मूळचा नसलेला एक अति मंद रंग मिसळतो, असे त्यांस आढळू लागले. द्रवातील मळामुळे तसे होत असावे, अशी प्रथम शंका होती. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरून पाहता वर्णपटात नव्या रेषा स्पष्ट दिसल्या. प्रकाश रेणूवर आदळला असता क्वचित आपली थोडी शक्ती त्यास देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि तितक्या प्रमाणात त्याचा रंग बदलतो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा निरनिराळा असल्याने त्यावरून पदार्थ ओळखता येतो. रत्नांची व औषधांची पारख आज या रीतीने होते. या शोधास रामन परिणाम म्हणतात. त्याबद्दल १९३० साली रामन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगात त्यांच्या बरोबरीने राबलेले त्यांचे शिष्य के. एस. कृष्णन यांचे नाव त्या मानाने मागे राहिले, याची मला खंत वाटते.

१९३३ पासून रामन बंगलोरास राहिले. १९४८ साली तेथे त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था काढली व १९५४ साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. स्वभाव करारी होता व सहकाऱ्यांशी त्यांचे खटकेही उडत. रंगाचे वेड मात्र अखेरपर्यंत सुटले नाही. हिरे, शिंपले, फुले यांचा त्यांनी मोठा संग्रह केला, आणि मनुष्याचा डोळा रंग कसा ओळखतो याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६८ साली, म्हणजे ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले. त्यांच्या देहास संस्थेच्या आवारातच, त्यांच्या आवडत्या बागेत, अग्नी देण्यात आला.