उकळत्या तेलाला नकार देणारा शल्यविशारद

भाजले की काय लावावे, याचे उत्तर घराघरांत ठरलेले असते. कोणी टूथपेस्ट काढतो, कोणी शाईची बाटली शोधतो, कोणी हळद, तूप किंवा बटाट्याचा कीस पुढे करतो. पूर्वापार चालत आले, एवढाच बहुधा या उपायांचा आधार असतो. ते खरोखर उपयोगी पडतात का, हे पडताळून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये एका शल्यविशारदाला ती गरज तीव्रतेने वाटली. आधुनिक शल्यचिकित्सेच्या जनकांत ज्यांची गणना होते, ते आंब्रुआझ पारे.

पारे यांचा जन्म सुमारे १५१० मध्ये फ्रान्समधील लाव्हाल या गावाजवळ झाला. त्या काळी रोग्याची नाडी पाहून औषध सांगणारे वैद्य विद्यापीठात शिकलेले, लॅटिन जाणणारे आणि प्रतिष्ठित मानले जात. चिरफाड करणे, गळू फोडणे, जखम बांधणे ही कामे हलकी समजली जात आणि ती बरीचशी न्हाव्यांकडे असत. पारे यांनी शिक्षण घेतले ते या न्हाव्यांच्या परंपरेत. लॅटिनचा गंध नसल्याने विद्यापीठाचे दार त्यांना बंदच होते. पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. तेथे रोग्यांच्या खाटांपाशी उभे राहून जे शिकायला मिळाले, तीच त्यांची खरी विद्या.

१५३७ मध्ये फ्रेंच सैन्य इटलीच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा सेनाधिकारी माँतेजाँ यांच्या पदरी शल्यवैद्य म्हणून पारे त्यात सामील झाले. वय जेमतेम सत्तावीस, आणि युद्धातील जखमी पाहण्याची ही पहिलीच वेळ. बंदुकीच्या जखमा तेव्हा वैद्यकाला तुलनेने नव्या होत्या. दारूमुळे अशा जखमेत विष भिनते, असा समज होता. ते विष जाळण्यासाठी एल्डर या झुडपाचे तेल उकळून, त्यात थोडे विषहारक औषध मिसळून, ते जखमेत ओतावे, असे इटालियन शल्यवैद्य जोव्हान्नी द व्हीगो यांच्या मान्यताप्राप्त ग्रंथात सांगितले होते. जखमी सैनिकाला गोळीच्या वेदनेपेक्षा या उपचाराची वेदना अधिक भयंकर वाटत असली पाहिजे.

इतर शल्यवैद्य करीत होते तेच पारेही करू लागले. परंतु जखमींची संख्या इतकी वाढली, की तेल संपले. नाइलाजाने उरलेल्यांच्या जखमांवर त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे सौम्य मिश्रण लावले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. तेलाने न जाळलेले सैनिक सकाळपर्यंत विषबाधेने दगावलेले असतील, ही भीती त्यांना छळत होती. पहाटेच उठून ते जखमींकडे गेले. पाहतात तो सौम्य मिश्रण लावलेल्यांना वेदना कमी होत्या, जखमांना सूज नव्हती आणि रात्रभर त्यांना बरीच विश्रांती मिळाली होती. उकळते तेल ओतलेले मात्र तापाने फणफणले होते, त्यांच्या जखमांभोवती सूज होती आणि ते वेदनेने विव्हळत होते. गोळीने जखमी झालेल्या माणसाला पुन्हा असे क्रूरपणे जाळायचे नाही, असा निश्चय पारे यांनी तेव्हा केला.

त्याच मोहिमेच्या काळातील दुसरी घटना भाजण्यासंबंधीची आहे. माँतेजाँ यांच्या स्वयंपाकघरातील एक पोरगा जवळजवळ उकळत्या तेलाच्या कढईत पडला. भाजण्यावर तेव्हा वापरली जाणारी औषधे आणण्यासाठी पारे औषधविक्रेत्याकडे गेले. तेथे असलेल्या एका खेडवळ म्हातारीने त्यांना सुचवले, की कच्चा कांदा मीठ घालून ठेचावा आणि लावावा, म्हणजे फोड येत नाहीत. एखाद्या विद्वानाने हा सल्ला हसण्यावारी नेला असता. पारे यांनी तो करून पाहिला. दुसऱ्या दिवशी कांदा लावलेल्या जागी फोड नव्हते, न लावलेल्या जागी होते.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. काही काळाने माँतेजाँ यांच्या रक्षकदलातील एका जर्मन सैनिकाचा चेहरा आणि हात बंदुकीच्या दारूने भाजले. पारे यांनी त्याच्या चेहऱ्याच्या एका भागावर कांदा लावला आणि उरलेल्या भागावर नेहमीची औषधे. एकाच रोग्यावर, एकाच वेळी दोन उपाय करून त्यांची तुलना करायची, ही कल्पना त्या काळात विलक्षण होती. पुढच्या मलमपट्टीच्या वेळी फरक दिसला आणि त्यांनी कांद्याच्या बाजूने कौल दिला.

हे सारे अनुभव त्यांनी १५४५ मध्ये बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथात मांडले. तो लिहिला फ्रेंचमध्ये, म्हणजे लॅटिन न येणाऱ्या सामान्य शल्यवैद्यालाही वाचता येईल अशा भाषेत. अवयव कापल्यावर रक्तस्राव थांबवण्यासाठी तापलेल्या लोखंडाने डागण्याची रीत होती. त्याऐवजी कावळ्याच्या चोचीसारख्या चिमट्याने रक्तवाहिनी पकडून ती दोऱ्याने बांधण्याचा मार्ग पारे यांनी स्वीकारला. रक्तवाहिनी बांधण्याची युक्ती प्राचीन होती, परंतु अंगच्छेदनात तिचा वापर त्यांनी नेटाने पुढे आणला आणि १५६४ च्या ग्रंथात तिचे वर्णन केले.

त्यांची कीर्ती सैन्यात आणि दरबारात सारखीच पसरली. १५५२ मध्ये मेत्स शहराला शत्रूचा वेढा पडला असताना राजाने त्यांना रातोरात शहरात पोहोचवले, तेव्हा आपण आता मरणार नाही, अशा भावनेने सैनिकांनी त्यांचे स्वागत केले. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्सिस, नववा चार्ल्स आणि तिसरा हेन्री अशा चार राजांची त्यांनी सेवा केली. १५५४ मध्ये लॅटिन येत नसतानाही पॅरिसच्या शल्यवैद्यांच्या मानाच्या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. १५७५ मध्ये त्यांचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाले, तेव्हा विद्यापीठातील वैद्यांनी त्यांना आक्षेप घेतला. रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीवरही टीका झाली. १५८५ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, पारे यांनी तिला उत्तर दिले, ते आयुष्यभराच्या युद्धप्रवासांची हकीकत सांगून. पुस्तकातील अधिकारवाणीपेक्षा रणांगणावरील अनुभव त्यांना अधिक मोलाचा वाटे.

पारे आपल्या काळाच्या मर्यादांपलीकडे मात्र नव्हते. तुरीन येथील एका शल्यवैद्याकडून गुप्त मलमाची कृती मिळवण्यासाठी त्यांनी दोन वर्षे त्याची मनधरणी केली. ते मलम कुत्र्याची पिल्ले आणि गांडुळे तेलात उकळून केलेले होते. बेझोआर नावाचा खडा सर्व विषांवर उतारा आहे, ही नवव्या चार्ल्सची समजूत खोडण्यासाठी मृत्युदंड झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि मग तो खडा देण्यात आला. आचारी तळमळून मेला. त्या खड्याचा फोलपणा सिद्ध झाला, पण आजच्या दृष्टीने हा प्रयोग अमानुषच ठरतो.

पारे यांचा कांदाही आज मागे पडला आहे, तो त्यांच्याच तुलनेच्या कसोटीने. किरकोळ भाजल्यास ती जागा लगेच नळाच्या वाहत्या, थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरणे, हा उपाय आज सर्वांत विश्वासार्ह मानला जातो. बर्फ लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. फोड फोडू नयेत. जागा स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकावी. कांदा, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, कारण त्यामुळे उष्णता कोंडते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखम नीट पाहता येत नाही. किरकोळ कापल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाब देऊन रक्त थांबवावे, वाहत्या पाण्याने जखम धुवावी, पट्टी बांधावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. तळहाताहून मोठे, खोल किंवा चेहऱ्यावरचे भाजणे, लहान मुलाचे भाजणे आणि न थांबणारा रक्तस्राव यांसाठी मात्र घरगुती उपचारांवर न थांबता रुग्णालयच गाठावे.

२० डिसेंबर १५९० रोजी पॅरिसमध्ये पारे यांचे निधन झाले. रोगी बरा झाला, तर त्याचे श्रेय ते स्वतःकडे न घेता ईश्वराला देत. आपले काम फक्त जखम बांधण्याचे, असे ते मानत. निसर्गाला भरून काढता येईल अशी जखम आपल्या उपचाराने आणखी बिघडवू नये, हा धडा त्यांनी तेल संपलेल्या त्या रात्री घेतला होता. भाजलेल्या बोटावर डब्यातले काहीबाही लावण्यासाठी हात पुढे होतो, तेव्हा तो आजही तितकाच उपयोगी आहे.