स्टेप्टो यांची दुर्बीण

पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे डॉक्टर, एवढीच पॅट्रिक स्टेप्टो यांची ओळख बहुतेकांना असते. २५ जुलै १९७८ च्या रात्री इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन जन्मली आणि त्यांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी केलेले काम मात्र फारसे गाजले नाही. दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊन एक-दोन दिवसांत घरी परतणाऱ्या आजच्या बाईशी खरा संबंध आहे तो त्या कामाचा.

स्टेप्टो यांचा जन्म १९१३ चा, ऑक्सफर्ड परिसरातला. पोरवयात ते चित्रपटगृहात मूकपटांना पियानोची साथ करत. १९३९ मध्ये डॉक्टर झाले आणि युद्धात नौदलात गेले. १९४१ मध्ये क्रीटजवळ त्यांचे जहाज बुडाले. पुढची दोन वर्षे इटलीच्या कैदेत गेली. १९५१ मध्ये ते ओल्डहॅम या कापडगिरण्यांच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाले.

त्या काळी गर्भाशय, बीजकोष किंवा गर्भनलिका पाहायच्या तर पोट उघडण्याशिवाय फारसा मार्ग नव्हता. पोटात का दुखते, मूल का होत नाही, एवढे शोधण्यासाठीही मोठा छेद घ्यावा लागे. मग टाके, रुग्णालयातला मुक्काम आणि घरी आल्यावर कित्येक आठवडे अंथरूण. पॅरिसमध्ये राऊल पामर मात्र १९४० च्या दशकापासून बारीक नळीतून पोटात पाहत होते. स्टेप्टो यांनी त्यांच्याकडून हे तंत्र शिकून घेतले. सुरुवातीच्या दुर्बिणींची अडचण उजेडाची होती. नळीच्या टोकाचा दिवा तापे आणि भाजण्याचा धोका असे. दिवा शरीराबाहेर ठेवून काचतंतूंमधून थंड प्रकाश आत नेता येऊ लागला, तेव्हा ही अडचण सुटली.

ब्रिटनमधल्या अनेक सहकाऱ्यांना हा खटाटोप निरुपयोगी, धोक्याचाही वाटे. स्टेप्टो यांनी तो सोडला नाही. बेंबीपाशी छोटा छेद, पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड, मग दुर्बीण आणि दुसऱ्या छिद्रातून हत्यार, अशी पद्धत त्यांनी बसवली. १९६७ मध्ये त्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक इंग्रजीतले या विषयावरचे पहिले. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स त्यांना भेटले. एडवर्ड्स यांना बीजकोषातून स्त्रीबीज हवे होते आणि पोट न फाडता ते काढून देणारा माणूस ओल्डहॅममध्ये होता. सरकारी संशोधन परिषदेने १९७१ मध्ये पैसे नाकारले, तरी एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी केंब्रिजहून मोटारीने येत राहिले. लुईसची आई लेस्ली हिचे स्त्रीबीज १९७७ च्या नोव्हेंबरात दुर्बिणीतूनच काढले गेले.

या दुर्बिणीने दुखणेकऱ्याची खाट वॉर्डातून घरात आणली. पण वॉर्डात नर्स ठेवत असे ती नजरही त्यामुळे घरच्यांकडे आली, आणि इथेच गफलत होते. पोटावर दोन-तीन चिकटपट्ट्या दिसतात, म्हणून बाईला काही झालेच नाही असे घरी समजले जाते. नुसती तपासणी असेल तर आठवडाभरात बहुतेक जणी कामाला लागतात. गर्भाशय काढले असेल तर आतली जखम भरायला सहा आठवडेही लागतात. तोवर पाण्याची भरलेली बादली किंवा कडेवरचे मूल उचलायचे नाही. याचा अर्थ पडून राहायचे असाही नाही. पहिल्या दिवसापासून घरात हळूहळू चालल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा, याने अनेक जणी घाबरतात. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चुरचुरते आणि त्याच्या मज्जातंतूमुळे ती कळ खांद्यात जाणवते. दोन-चार दिवसांत ती जाते. पोटदुखी मात्र रोज थोडी कमी व्हायला हवी. ती वाढत गेली, ताप आला, उलट्या थांबेनात, पोट फुगत गेले, रक्तस्राव खूप झाला किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. आतड्याला झालेली इजा काही वेळा घरी आल्यावर काही दिवसांनी कळते. श्वास लागला किंवा छातीत दुखले तर तडक रुग्णालय गाठायचे.

दुर्बिणीतून गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत झाली ती १९८८ च्या जानेवारीत. त्याच वर्षी २१ मार्चला स्टेप्टो कर्करोगाने गेले. २०१० मध्ये टेस्ट ट्यूब बेबीच्या कामासाठी नोबेल जाहीर झाले ते एकट्या एडवर्ड्स यांना. हे पारितोषिक मृत व्यक्तीला देत नाहीत.