आगरकर नव्हे, आघारकर!

नागापूरच्या पुलावरून सीना ओलांडताना तुमच्या मनात जेलीफिश यायचं काही कारण नाही. जेलीफिश म्हणजे समुद्र, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. पण सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. आणि याच कृष्णेच्या सातारा जिल्ह्यातल्या उपनद्यांमध्ये १९११ च्या सुमारास चक्क गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. शोधणाऱ्याचं नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

नाव पुन्हा वाचा. 'सुधारक'वाले गोपाळ गणेश आगरकर वेगळे, हे आघारकर वेगळे. जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि सह्याद्रीत नमुने गोळा करत फिरायचे. अशी जेलीफिश तोवर आफ्रिकेत, टांगानिका सरोवरात माहीत होती. इकडे कुणी अपेक्षाच केली नव्हती. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं लिम्नोक्नायडा इंडिका.

आता गंमत बघा. नाण्याएवढा हा जीव, त्याला मेंदूच नाही. मग वर कुठे नि खाली कुठे, हे त्याला कळतं कसं? छत्रीच्या कडेला बारीक पिशव्या असतात, त्यांना स्टॅटोसिस्ट म्हणतात. प्रत्येकीत खनिजाचा एक कण. छत्री कलली की कण खालच्या बाजूला झुकतो, तिथल्या संवेदी पेशी दाबल्या जातात आणि छत्रीच्या कडेने फिरणाऱ्या मज्जातंतूंच्या कड्याला निरोप जातो. मग एका बाजूचे स्नायू जास्त आकसतात आणि स्वारी सरळ! आपल्या कानाच्या आतही असेच सूक्ष्म खडे असतात. ते जागचे हलले की माणसाला गरगरतं.

हे सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालतं. जून १९९१ मध्ये कोलंबिया यानातून सुमारे २,४०० समुद्री जेलीफिश अवकाशात नेल्या होत्या. तिथे त्यांना पिल्लं झाली, पण पृथ्वीवर आल्यावर त्यातल्या काहींना धड पोहता येईना.

आघारकरांचं पुढचं आयुष्य मात्र वनस्पतींमध्ये गेलं. १९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि ते अभ्यासाला जर्मनीत गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. भारतीय म्हणजे ब्रिटिश प्रजा, म्हणजे शत्रू. त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. तिशीच्या उंबरठ्यावर, नवी नोकरी हातात असताना, परक्या देशात अडकायचं! दुसरा कुणी खचला असता. यांनी बर्लिनमध्ये एंग्लर या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली आणि मगच परतले.

१९४६ पर्यंत कोलकात्यात शिकवल्यावर, साठी उलटलेली असताना, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा घेतली. संस्थापक संचालक म्हणून १९६० मध्ये जाईपर्यंत तेच काम. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

सायन्सवाल्यांनो, पुण्याला गेलात तर पत्ता विचारताना सांभाळा. आघारकर संशोधन संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. रिक्षावाल्याला दोन्ही नावं सांगा, म्हणजे बरोबर पोचाल.