ब्लाइंड विली जॉन्सन

ब्लाइंड विली जॉन्सन (जन्म: २५ जानेवारी १८९७, मृत्यू: १८ सप्टेंबर १९४५) हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील अंध गायक, गिटारवादक आणि धर्मोपदेशक होते. १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीने त्यांची ३० गाणी ध्वनिमुद्रित केली. ही सर्व गाणी ख्रिस्ती भक्तिपर असली, तरी त्यांतील वादनाची रीत ब्लूज संगीताची आहे. त्यामुळे त्यांची गणना ब्लूजच्या इतिहासातही होते. त्यांची 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' ही रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट करण्यात आली.

जॉन्सन यांनी स्वतः लिहिलेला मजकूर किंवा त्यांची मुलाखत उपलब्ध नाही. आज ज्ञात असलेले त्यांचे छायाचित्रही एकच आहे. त्यांचे चरित्र काही सरकारी कागद, एका शहराची निर्देशिका आणि त्यांच्या सहवासात राहिलेल्या दोन स्त्रियांच्या आठवणी यांवरून जुळवलेले आहे. हे पुरावे काही ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पुढील माहितीत कोणती गोष्ट कोणाच्या सांगण्यावरून आली हे शक्य तेथे नमूद केले आहे.

जन्म आणि बालपण

आरंभीच्या लेखकांनी त्यांचे जन्मस्थान म्हणून कधी मार्लिन, तर कधी टेम्पल या गावाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी झालेल्या सैन्यभरतीच्या नोंदणीचे कार्ड पुढे हाती आले. त्यात टेम्पलजवळील पेंडलटन हे गाव आणि १८९७ हे वर्ष आढळते. मृत्यूच्या दाखल्यात मात्र इंडिपेन्डन्स हे तिसरेच गाव आहे. नोंदणीच्या वेळी ती व्यक्ती स्वतः माहिती देते, तर दाखल्यातील माहिती तिच्या पश्चात दुसरे कोणी देते. या कारणाने पेंडलटन अधिक ग्राह्य मानले जाते. बालपणाचा मोठा काळ मार्लिन येथे गेला, याविषयी मतभेद नाही. कुटुंब वाट्याने शेती करणाऱ्यांपैकी होते. आई लहानपणीच वारली आणि वडिलांनी दुसरे लग्न केले. विली पाच वर्षांचे असताना त्यांना सिगारच्या खोक्यापासून बनवलेली गिटार मिळाली, असे सांगितले जाते.

ते जन्मांध नव्हते. त्यांच्या पत्नी अँजेलिन यांच्या सांगण्यानुसार, विली सुमारे सात वर्षांचे असताना वडिलांनी सावत्र आईला मारहाण केली आणि संतापाच्या भरात तिने मुलाच्या तोंडावर दाहक क्षाराचे पाणी फेकले. सूर्यग्रहण पाहिल्याने दृष्टी गेली अशीही एक कथा आहे. पहिली कथा बहुतेक पुस्तकांत निश्चित घटना म्हणून छापली जाते. परंतु तिचा आधार एका व्यक्तीने पन्नास वर्षांनंतर सांगितलेली आणि तीही ऐकीव अशी आठवण आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

रस्त्यावरील गायन

त्या काळी दक्षिणेतील अंध कृष्णवर्णीय मुलापुढे उपजीविकेचे फारसे मार्ग नव्हते. रस्त्यावर गाणे हा त्यांतील एक होता. हर्न या गावी वडील त्यांना बाजाराच्या जागी सोडून जात आणि गिटारच्या मानेला पैशांसाठी टिनचा पेला बांधलेला असे, अशी आठवण अ‍ॅडम बुकर या अंध धर्मोपदेशकाने नोंदवली आहे. टेक्सासमधीलच ब्लाइंड लेमन जेफरसन त्याच सुमारास गावोगावी ब्लूज गात होते. नावाआधीचा 'ब्लाइंड' हा शब्द ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी जाहिरातीसाठी रूढ केला. जेफरसन, ब्लेक, मॅकटेल अशा अनेक गायकांच्या नावांना तो चिकटला आणि कायमचा राहिला.

ध्वनिमुद्रणे

१९२० च्या दशकात अमेरिकन कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने वेगळी मालिका काढत. त्यासाठी यंत्रसामग्री घेऊन त्यांचे लोक दक्षिणेतील शहरांचा दौरा करीत. कोलंबियाच्या या विभागाचे प्रमुख फ्रँक वॉकर होते. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे जॉन्सन यांनी एका दिवसात सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतील पहिल्या तबकडीच्या ९,४०० प्रती काढल्या गेल्या आणि मागणीमुळे आणखी ६,००० काढाव्या लागल्या. त्या वेळी कंपनीच्या आघाडीच्या गायिका बेसी स्मिथ यांच्या ताज्या तबकडीपेक्षाही पहिला आकडा मोठा होता. जॉन्सन आपल्या हयातीत उपेक्षित राहिले हा समज म्हणून पूर्णपणे खरा नाही. त्यांच्या तबकड्या विकल्या जात होत्या. मात्र कलावंताला गाण्यामागे ठराविक रक्कम देऊन व्यवहार संपवण्याची कंपन्यांची पद्धत असल्याने खपाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

यानंतर डॅलस (५ डिसेंबर १९२८), न्यू ऑर्लिअन्स (१० व ११ डिसेंबर १९२९) आणि अटलांटा (२० एप्रिल १९३०) येथे ध्वनिमुद्रणे झाली. या गाण्यांत बायबलमधील कथांबरोबर समकालीन घटनाही येतात. १९१२ साली बुडालेले टायटॅनिक जहाज, पहिले महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांवर त्यांनी गाणी गायली आहेत. साथीवरील गाणे साथीनंतर दहा वर्षांनी ध्वनिमुद्रित झाले. लोकांच्या मनात ती आठवण तेव्हाही ताजी असावी. पुढे महामंदीने रेस रेकॉर्ड्सचा बाजार कोसळला आणि अटलांटानंतर जॉन्सन यांना पुन्हा कोणी ध्वनिमुद्रणासाठी बोलावले नाही.

शैली

त्यांचे दोन आवाज होते. एक त्यांचा नैसर्गिक, चढा आणि स्वच्छ. दुसरा घशातून ओढून काढलेला खर्जातला खरखरीत आवाज, जो रस्त्यावरच्या गोंगाटातही लांबवर ऐकू जावा. बहुतेक गाण्यांत हा दुसरा आवाज आहे. गिटारच्या तारा मोकळ्या छेडल्या असता पूर्ण स्वरसंघात वाजावा अशा रीतीने ते लावून घेत आणि तारांवरून कठीण वस्तू सरकवून स्वर काढीत. ही वस्तू खिशातील चाकू होती असे सांगितले जाते, तर काही जाणकारांच्या मते ती बाटलीची मान असावी. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी ही सरक आपल्याकडील मींडेची आठवण करून देते. गाता गाता ते ओळ अर्धवट सोडतात आणि उरलेले शब्द गिटारकडून पुरे करून घेतात.

'डार्क वॉज द नाइट' या रचनेत तर शब्दच नाहीत. तिचे नाव टॉमस हॉइस यांनी १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या भक्तिगीतावरून आले आहे. सुळावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थना हा त्या गीताचा विषय आहे. कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट मंडळ्यांत पुस्तके कमी आणि अक्षरओळख त्याहून कमी असल्याने अग्रणी एक ओळ म्हणे आणि मंडळी ती लांबवून, घोळवून गात. जॉन्सन यांनी या रचनेत अग्रणीचे काम गिटारला दिले आहे आणि स्वतः मंडळीच्या बाजूने नुसते हुंकारले आहेत.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१९३० नंतर ते टेक्सासमधील गावांत गात आणि उपदेश करीत राहिले. अखेरच्या वर्षांत ते बोमाँट शहरात स्थिरावले. तेथील निर्देशिकेत फॉरेस्ट स्ट्रीटवरील 'हाउस ऑफ प्रेअर' या प्रार्थनागृहाचे चालक म्हणून त्यांचे नाव आढळते. १९४५ मध्ये हे घर आगीत जळाले. जाण्यास दुसरी जागा नसल्याने ते पत्नीसह त्याच अवशेषांत, ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रे पसरून राहिले, असे अँजेलिन यांनी सांगितले. त्यांना ताप आला आणि अंध असल्याने रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. कृष्णवर्णीय असल्यामुळे नाकारले गेले असे अन्यत्र म्हटले आहे. मृत्यूच्या दाखल्यात हिवतापाचे कारण दिले असून उपदंश व अंधत्व यांची पूरक कारणे म्हणून नोंद आहे.

चरित्राचा शोध

हॅरी स्मिथ यांनी १९५२ साली संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहात जॉन्सन यांचे एक गाणे आले, तेव्हा गायकाची माहिती जवळजवळ कोणालाच नव्हती. संशोधक सॅम्युएल चार्टर्स यांनी टेक्सासमध्ये हिंडून विचारपूस केली आणि १९५५ साली बोमाँट येथे त्यांना अँजेलिन भेटल्या. त्यांच्या आठवणींसह चार्टर्स यांनी १९५७ मध्ये फोकवेज कंपनीतर्फे एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. १९५९ च्या 'द कंट्री ब्लूज' या ग्रंथातही त्यांनी जॉन्सन यांच्याविषयी लिहिले. तबकड्यांवरील साथीचा स्त्री-आवाज अँजेलिन यांचाच, असे त्यानंतर सर्वत्र मानले गेले.

सुमारे वीस वर्षांनी, १९७० च्या दशकात, मार्लिनमध्ये विली बी. हॅरिस या वृद्ध स्त्रीचा शोध लागला. आपण जॉन्सन यांच्या पत्नी होतो आणि त्यांच्याबरोबर आपण गायलो, असे त्यांनी सांगितले. १९२८ व १९३० च्या ध्वनिमुद्रणांतील आवाज त्यांचा असल्याचे आता अभ्यासक मान्य करतात. अँजेलिन यांना यावरून असत्य बोलणाऱ्या ठरवणे मात्र उचित नाही. जॉन्सन यांची अखेरची वर्षे त्यांनी पाहिली आणि त्या काळाविषयीचे त्यांचे कथन नगर-निर्देशिका व मृत्यूचा दाखला यांच्याशी बव्हंशी जुळते. एका साक्षीदाराला सर्व आयुष्याचे उत्तर विचारले गेले, यात दोष विचारणाऱ्यांचाही आहे.

व्हॉयेजर आणि केसरबाई केरकर

कार्ल सेगन यांच्या समितीने व्हॉयेजर यानांसाठी पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने निवडले. त्यांत 'डार्क वॉज द नाइट' शेवटून दुसरे आहे. त्याच्यानंतर बेथोव्हेनच्या एका चतुष्कवाद्य रचनेचा अंश येतो. त्याच्या लगेच आधी आहे ती गोव्यात जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर १ निघाले आणि त्याच महिन्यात १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले. हे यान २०१२ साली आंतरतारकीय अवकाशात पोहोचले.

रात्र पडली असता निवारा नसणे हा मानवाचा सनातन अनुभव या रचनेत आहे, असे सेगन यांनी तिच्या निवडीविषयी लिहिले. तेव्हापासून ही रचना आणि जळालेल्या घरातील जॉन्सन यांचा मृत्यू एकत्र जोडून सांगण्याची प्रथा पडली. रचना १९२७ ची आहे, घर जळाले १९४५ मध्ये. ती ध्वनिमुद्रित करताना जॉन्सन तीस वर्षांचे होते आणि त्यांच्यासमोर गेथशेमाने बाग होती.

प्रभाव आणि स्मारके

पाओलो पासोलिनी यांच्या येशूवरील १९६४ च्या चित्रपटात ही रचना वापरली आहे. राय कूडर यांचे 'पॅरिस, टेक्सास' (१९८४) या चित्रपटाचे संगीत तिच्यावरच आधारलेले आहे. लेड झेपलिन या गटाने १९७६ मध्ये त्यांचे एक गाणे नव्या रूपात सादर केले. १९९३ साली सर्व ३० ध्वनिमुद्रणे एकत्र प्रसिद्ध झाली, आणि २०१० च्या यादीत अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने 'डार्क वॉज द नाइट'ची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत नोंद केली.

जॉन्सन यांचे दफन बोमाँटमधील ब्लँचेट दफनभूमीत झाले. कबरीवर खूण नव्हती. अलीकडच्या काळात चाहत्यांनी तेथे स्मारकशिला उभारली, तर २०१० मध्ये 'हाउस ऑफ प्रेअर'च्या जागी टेक्सास राज्याचा ऐतिहासिक फलक लावण्यात आला. शिला दफनभूमीच्या आवारात आहे, नेमक्या कबरीवर नाही.