चौकटीबाहेरची खुर्ची

अमेरिकेचे बत्तिसावे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका सधन घराण्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी तरुण वयातच राजकारणात नाव मिळवले. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना पोलिओने गाठले आणि त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

त्यांनी हार मानली नाही. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यांत ते उपचार घेऊ लागले. १९२६ मध्ये ती जागा विकत घेऊन त्यांनी तेथे पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उभारले. पायांना पोलादी कॅलिपर बांधून, एका हाती काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरून, मोजकी पावले टाकण्याचा त्यांनी सराव केला. १९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. महामंदीमुळे त्या वेळी देशातील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते.

त्या खचलेल्या जनतेला वृत्तपत्रांतून दिसले ते हसरे, ताठ मानेचे रूझवेल्ट: मोटारीत बसलेले, नाहीतर व्यासपीठाला धरून उभे असलेले. त्यांना पोलिओ झाला होता हे लोकांना ठाऊक होते. मात्र त्यांना उचलून न्यावे लागते, हे फारसे कोणी पाहिले नव्हते. तशी छायाचित्रे घेऊ नयेत, अशी त्यांच्या कार्यालयाची विनंती असे आणि बहुतेक छायाचित्रकार ती पाळत. २७ जून १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे, सुमारे एक लाख लोकांच्या सभेत, कॅलिपर निसटून ते खाली कोसळले. सहकाऱ्यांनी त्यांना उभे केले, भाषणाचे विखुरलेले कागद गोळा केले आणि त्यांनी आपले भाषण पूर्ण केले. त्या पडण्याचे छायाचित्र कोठेही छापून आले नाही.

ते चार वेळा निवडून आले. वृद्धांना व बेरोजगारांना आधार देणारा सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ मध्ये त्यांच्याच काळात झाला. मार्च १९४५ मध्ये संसदेपुढे बसून भाषण करताना त्यांनी पायांतील पोलादाच्या ओझ्याचा जाहीर उल्लेख केला. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच त्यांचे निधन झाले.

वॉशिंग्टनमधील त्यांचे स्मारक १९९७ मध्ये खुले झाले, तेव्हा तेथील मुख्य पुतळ्याची खुर्ची झग्याखाली जवळजवळ झाकलेली होती. अपंग नागरिकांनी याला हरकत घेतली आणि स्वतः निधी उभारला. जानेवारी २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेल्या रूझवेल्ट यांचा पुतळा तेथे बसवण्यात आला.

वृत्तपत्रांतील ती छायाचित्रे खोटी नव्हती. ती अपुरी होती. त्या अपुरेपणामुळे एका समर्थ माणसाला लोकांनी त्याच्या कामावरून जोखले, हे खरे. पण पायांनी अधू असलेल्या हजारो मुलांना आपल्यासारखाच एक माणूस राष्ट्राचे नेतृत्व करीत आहे हे डोळ्यांनी पाहता आले नाही, हेही तितकेच खरे. म्हणून नेत्याचे छायाचित्र पाहताना चौकटीबाहेर काय राहिले आणि ते कोणी ठेवले, हा प्रश्न विचारण्याची सवय आपण मुलांना लावली पाहिजे. खरा शिकलेला माणूस दिसते तेवढ्यावर थांबत नाही.